आप्पांची ट्रंक आणि सहा गुंठे

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी एक वाद दरवर्षी ठरलेला असायचा. माळ्यावरची पत्र्याची हिरवी ट्रंक ठेवायची की काढायची? कडी मोडलेली, एक कोपरा गंजलेला, आणि उचलायला दोन माणसं लागायची. आत काय, तर पुस्तकं. तीही कथा-कादंबऱ्या असत्या तर माझी बिशाद नव्हती त्यांना हात लावायची. पण ती होती गणिताची! २०१२ च्या दिवाळीआधी मी मनाचा हिय्या केला, ट्रंक खाली उतरवली आणि रद्दीवाल्याला दारात बोलावलं.

त्याने तराजूत पहिला गठ्ठा टाकला. इतक्यात व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले आप्पा, म्हणजे माझे सासरे, उठून आले. घरातल्या कुठल्याच गोष्टीत न बोलणारा माणूस. स्वयंपाकात मीठ कमी पडलं तरी न बोलणारा. गठ्ठ्यावरचं पुस्तक त्यांनी उचललं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि एवढंच म्हणाले, "सूनबाई, एवढं राहू दे."

रद्दीवाला नुसते पेपर घेऊन गेला. मी ओशाळले. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि सासऱ्यांच्या ट्रंकेत काय आहे हे मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

आप्पा भूकरमापक होते. गावाकडे ‘मोजणीवाले’ म्हणतात ते. सोलापूर जिल्ह्यातली कितीतरी शिवारं त्यांनी पायी तुडवली आणि १९९६ साली ते निवृत्त झाले. त्यांची साखळी, शंकू, मोजणीचा फलक सगळं सरकारचं. ते त्यांनी शेवटच्या दिवशी जमा केलं. त्याची पावती मात्र ट्रंकेत अजून आहे! पुस्तकं त्यांची स्वतःची होती. काही त्यांनी शिकताना घेतलेली, काही त्यांच्या वरिष्ठांनी निवृत्त होताना त्यांच्या हवाली केलेली.

आणि मी? मी बी. ए. मराठी. खरं सांगायचं तर आर्ट्सला गेले ती साहित्याच्या ओढीने जेवढी, तेवढीच गणिताच्या धास्तीने. दहावीला भूमितीच्या पेपरच्या आदल्या रात्री मला ताप भरला होता. "मुलीच्या जातीला काय करायचंय गणित, दुधाचा हिशेब आला की झालं," असं आमची आजी म्हणायची आणि मला ते फार सोयीचं वाटायचं.

अशा बाईने जुन्या गणिताची आणि जमीन मोजणीची पुस्तकं जमवायला लागावं, हे मला स्वतःलाही कुणी आधी सांगितलं असतं तर पटलं नसतं. आज माझ्याकडे एकशे चाळीसच्या वर पुस्तकं आहेत. आमचे हे म्हणतात, "लोकांच्या बायका पैठण्या जमवतात, आमची रद्दी जमवते." म्हणोत बापडे.

त्या दिवाळीत फराळाचं आटोपल्यावर आप्पांनी एकेक पुस्तक काढून दाखवायला सुरुवात केली. हॉल आणि स्टीव्हन्सची भूमिती. चेंबर्सची लॉगची कोष्टकं, नुसते आकडेच आकडे, पानामागून पान, जणू मुंग्यांची रांग. टॉडहंटरसाहेबाचं महत्त्वमापनाचं इंग्रजी पुस्तक, त्यात जमीन मोजणीचाही भाग आहे. एक अंकगणिताचं पुस्तक काढून आप्पांनी विचारलं, "हे कुणाचं असेल?" मला काय ठाऊक! ते होतं गोपाळ कृष्ण गोखल्यांचं. होय, तेच नामदार गोखले. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवत असताना त्यांनी बापट नावाच्या सहकाऱ्याबरोबर अंकगणिताचं पुस्तक तयार केलं आणि ते पुढे कितीतरी शाळांतून चाललं. बी. ए.ला इतिहास माझा दुय्यम विषय होता, गोखल्यांवर वीस मार्कांचा प्रश्न मी लिहून आले होते. पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तळाशी एक मराठी पुस्तक होतं, कव्हर आणि पहिली चार पानं गेलेली. सर्व्हेची मराठी. ‘शंकू’, ‘लंब’, ‘पाया’, ‘टिपण’. इतकं सोपं मराठी की मला हेवा वाटला. तेच मी पहिल्यांदा वाचायला घेतलं, आणि तिथेच अडकले.

मैत्रिणींनो, गुंठा म्हणजे काय, सांगाल? आपण सगळ्या गुंठ्याचे भाव तोंडपाठ सांगतो, पण गुंठा एवढाच का, हे मी तोवर कधी विचारलं नव्हतं. आपल्याकडची मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणायचे, जसे रुपयाचे सोळा आणे. एक आणा म्हणजे पावणेपंचवीस इंच. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद चौरस, म्हणजे १०८९ चौरस फूट, तो झाला गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. ३३ हा आकडा कुठून आला? १६२० च्या सुमारास इंग्लंडात गुंटर नावाच्या गणितज्ञाने ६६ फुटांची साखळी काढली, तिच्या दहा चौरसांचा एकर. आपली साखळी तिच्या बरोब्बर निम्मी. गंमत अशी, की साखळ्यांनी लांबी मोजली की गुणाकाराचं उत्तर थेट गुंठ्यातच येतं, मध्ये काही रूपांतर करावं लागत नाही. उन्हातान्हात बांधावर उभं राहून हिशेब करणाऱ्या माणसासाठी कुणीतरी केवढा विचार केला होता!

त्याआधी आपल्याकडे काठी होती. पाच हात पाच मुठी म्हणजे एक काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा. पण हात कुणाचा आणि मूठ कुणाची? आप्पा हसून म्हणायचे, "ज्याचा वशिला मोठा, त्याच्याकडनं मोजणाऱ्याचा हात लांब."

इंग्रजांनी सारा ठरवण्यासाठी मोजणी केली ती काही आपल्या प्रेमापोटी नव्हे. पहिल्यांदा प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकात पुणे भागात मोजणी आणि आकारणी केली. उत्पन्नाचे, खर्चाचे बारीकसारीक हिशेब मांडले. कागदावर शास्त्रशुद्ध, पण सारा एवढा जड बसला की शेतकरी रानं टाकून निघून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने काम हाती घेतलं आणि १८३६ साली इंदापूर तालुक्यात तीस वर्षांसाठी नवा सारा लागू झाला. इंदापूर आम्हाला बार्शीहून काही फार लांब नाही. आपण आज ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो तो या पद्धतीतून आला. एका बैलजोडीला कसता येईल एवढी जमीन हे त्याचं साधारण माप. पुढे सातबाऱ्यापर्यंतचे सगळे गाव नमुने ज्यांनी बसवले ते अँडरसन, त्यांचं मॅन्युअल महसूल खात्यात अजून नावाने ओळखलं जातं. त्याची एक जुनी प्रत मला पुण्याच्या जुन्या बाजारात गंजलेल्या कुलपांच्या ढिगाशेजारी मिळाली. विकणाऱ्याला वाटलं, मी वकिलीण आहे. त्याने भाव दुप्पट सांगितला, मी निम्म्यावर आणला. हिशेब जमायला लागला होता म्हणायचा!

एकदा नाद लागल्यावर मी कुठेही गेले की पहिल्यांदा रद्दीची दुकानं बघायची. माहेरी, नणंदेकडे, बचत गटांच्या मेळाव्याला. शाळा-वाचनालयं जुनी पुस्तकं काढून टाकतात तेव्हा कुणी कळवतं. बहुतेक पुस्तकांची पहिली पानंच गेलेली असतात, मग वय ओळखायचं कसं? त्याची एक युक्ती आप्पांनी शिकवली. आतली पैशांची गणितं बघायची. रुपये, आणे, पै असतील तर पुस्तक बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं. ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधलं, कारण १९६४ साली ‘नवे’ हा शब्द गळला. शेर, मण, खंडी जाऊन किलो-क्विंटल दिसले की त्यानंतरचं. आपण भाजी घेताना मेथीची जुडी ताजी की शिळी हे देठावरून ओळखतो ना, तसंच.

जुन्या अंकलिप्या तर मी दिसेल तिथे घेते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी... आणि औटकी! औट म्हणजे साडेतीन. औटाचा पाढा म्हणणारी पिढी आता संपत आली. माझ्या मुलाला मी पंधरा औटे किती विचारलं तर तो मोबाईलकडे हात नेतो. (साडेबावन्न. मलाही आधी यायचं नाही.)

मराठीत छापील गणित आलं कधी, याचाही मी शोध घेतला. जर्व्हिस नावाच्या लष्करी इंजिनिअरने १८२० च्या दशकात मुंबईत पंडितांच्या मदतीने गणिताचे ग्रंथ मराठीत आणले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी ‘शून्यलब्धि’ हे चलनकलनाचं पुस्तक मराठीत लिहिलं. केरूनाना छत्र्यांनी शाळेसाठी अंकगणित लिहिलं. हे मूळ ग्रंथ माझ्यासारखीला कुठले मिळायला, ते मोठ्या ग्रंथालयांत. पण या घराण्यातली नातवंडं-पतवंडं म्हणावीत अशी पुस्तकं आपल्या गावांत, माळ्यांवर, उंदरांच्या तोंडी आहेत.

बायकांचा या सगळ्याशी संबंध काय, असं एका बाईंनी मला मंडळात विचारलं. मी ‘लीलावती’चं नाव घेतलं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या या ग्रंथात गणितं एका मुलीला उद्देशून घातली आहेत. ती त्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती अडकल्याने चुकला वगैरे गोष्ट आपण ऐकलेली असते. ती गोष्ट फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातली आहे, भास्कराचार्यांनी स्वतः काही सांगितलेली नाही. मला विचाराल तर लग्नाच्या गोष्टीपेक्षा ती गणितं जास्त आवडतात.

माझ्याकडच्या एका बीजगणिताच्या पुस्तकावर आतल्या बाजूला एका मुलीचं नाव आहे, खाली इयत्ता आणि १९३४. सुरेख, तिरपं अक्षर. शंभराव्या पानापर्यंत समासात पेन्सिलीने सोडवलेली उदाहरणं आहेत. त्यानंतर कोरं. लग्न झालं असेल का? मला उगाच वाटत राहतं.

आप्पा २०२० मध्ये गेले. शेवटची दोन वर्षं दृष्टी अधू झाली होती, तर मी उदाहरण वाचायची आणि ते तोंडी उत्तर सांगायचे. ते गेल्यावर ट्रंक उघडायचं बरेच दिवस धाडस झालं नाही.

मग २०२२ साली ही अक्का आली. बार्शीजवळच्या एका खेड्यातल्या आमच्या बचत गटातली. नवरा आजारात गेलेला, पदरात एक मुलगी. दोन एकर रान, सातबाऱ्याला तिचं नाव वारस म्हणून लागलेलं. म्हणजे कागद चोख. पण तिचं म्हणणं, "ताई, बांधावरची बाभूळ आमची हुती. मालक असताना तिच्या सावलीला आमी भाकरी खायचो. आता ती दिराच्या रानात हाय. बाभूळ चालत गेली का?"

बाभूळ नव्हती चालत गेली, बांध आला होता. दरवर्षी नांगरताना थोडा थोडा बांध कोरायचा, एक तास आत, पुढच्या वर्षी अजून एक. बाईमाणूस काय बोलणार? आणि बोललीच तर उत्तर तयार, "कागदावर हाय तेवढंच हाय तुझं."

कायद्याने आपल्याला पुष्कळ दिलं. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, २००५ साली तो देशभर झाला. मी स्वतः कितीतरी बायकांची नावं सातबाऱ्यावर लागावीत म्हणून तलाठ्याकडे खेटे घातलेत. पण नाव लागलं म्हणजे काम संपलं, असं मी समजत होते. ती जमीन कुठून कुठपर्यंत, हे त्या बाईला कुणीच दाखवत नाही.

टिपण हवं होतं. म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी केलेली शेताची आकृती, तिच्यावर साखळ्या-आण्यांत मापं. एका कचेरीत आम्हाला आधी सांगितलं, कागद जीर्ण आहे, मिळणार नाही. दुसऱ्या खेपेला, संबंधित साहेब नाहीत. अक्काचा प्रत्येक खेपेला रोज बुडायचा. तिसऱ्या वेळी मी लेखी अर्ज दिला, पोच घेतली. आठवड्याभरात नक्कल मिळाली. जीर्ण वगैरे काही नव्हती.

घरी आणून बघितलं, तर अक्काचा चेहरा पडला. "हे आमचं रान न्हाई. आमचं असं वाकडं न्हाई." मला आप्पांच्या वहीतलं वाक्य आठवलं. टिपणातलं चित्र बघू नये, आकडे बघावेत. टिपण हाताने काढलेलं असतं, मापात नसतं. खरं असतं ते आकड्यांत. मग मी ते कव्हर नसलेलं मराठी पुस्तक काढलं. शेतातून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ, सोळा साखळ्या. तिच्यावर दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांपासून लंब, इकडचा पाच साखळ्या, तिकडचा पाच साखळ्या. दोन त्रिकोण. सोळा गुणिले दहा, त्याचे निम्मे, ऐंशी गुंठे. दोन एकर, चोख.

आता रानात काय आहे ते बघायचं होतं. अक्का, तिची नववीतली लेक आणि मी, शंभर फुटी टेप घेऊन रविवारी सकाळी गेलो. काटकोन कसा काढायचा यावर मी अडले, आप्पांचा शंकू तर सरकारजमा. लेक म्हणाली, "काकू, तीन-चार-पाच करू की!" सुतळीला मापं करून तिने पायथागोरसचा त्रिकोण भुईवर ताणला. गवंडी गुण्या लावतात तसाच. दीर बांधावर उभे राहून बघत होते. काही बोलले नाहीत.

अक्काच्या बाजूचा लंब बरोबर १६५ फूट भरला, म्हणजे पाच साखळ्या. दिराच्या बाजूचा भरला १४० फूट. पुन्हा मोजला. १४० आणि वर तीन-चार इंच. म्हणजे सव्वाचार साखळ्या. कोपरा बारा आणे आत आला होता. हद्दीच्या दगडासकट! सोळा गुणिले सव्वानऊ, एकशे अठ्ठेचाळीस, निम्मे चौऱ्याहत्तर. सहा गुंठे कमी. घराजवळची सहा गुंठे जमीन म्हणजे काय किंमत, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आमचं हे मोजणं कायद्यात बसत नाही, हे मुद्दाम सांगते. त्यावरून कुणी भांडायला जाऊ नये. पण त्याचा उपयोग एवढा झाला, की रीतसर मोजणीचा अर्ज करून फी भरायची का, याबद्दल अक्काच्या मनात शंका उरली नाही. पैसे गटाने उसने दिले. तारीख मिळायला काही महिने गेले. मोजायला आली ती तिपाईवरचं मशीन घेऊन आलेली एक तरुण मुलगी, भूकरमापक. आप्पांना बघायला हवं होतं! मशीनचा हिशेब आणि आमच्या सुतळीचा हिशेब यांत अर्ध्या गुंठ्याचाही फरक पडला नाही. ‘क’ प्रतीवर अतिक्रमण दाखवलं गेलं.

मोजणी खातं हद्द दाखवतं, अतिक्रमण काढून देत नाही. त्यासाठी पुढचे अर्ज, कोर्ट. ते अक्काला परवडणारं नव्हतं. नकाशा हातात घेऊन गावातली चार जाणती माणसं बसली, दोनदा बैठक मोडली, तिसऱ्यांदा दिरांनी अर्ध्या लांबीत बांध मागे घेतला. बाभळीपाशी अजून घोडं अडलंय. अक्का म्हणते, निघेल. मला तेवढी खात्री नाही, पण मी तिला तसं म्हणत नाही.

तुमच्या माळ्यावर अशी पुस्तकं असतील तर कृपा करून फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. पट्टी पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते. उन्हात नाही, सावलीत वारा लागू द्यावा, मऊ ब्रशने कसर झटकावी. मी वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवते, महिन्याने बदलते. पुस्तकं दाबून भरू नयेत.

मध्यंतरी सेवाग्रामहून चंद्रपूरला एका शिबिराला जाताना गाडी हिंगणघाटला थांबली. सगळा हिंदुस्थान त्रिकोणांनी मोजायचं काम १८०२ मध्ये मद्रासला ज्याने सुरू केलं, तो लॅम्बटन १८२३ साली मोजता मोजता इथेच वारला, इथेच त्याची कबर आहे. उतरायचं फार मनात होतं. पण बरोबर सोळा बायका आणि त्यांच्या पिशव्या! राहून गेलं.

अक्काची लेक दहावीनंतर आयटीआयला सर्व्हेअरच्या ट्रेडला गेली. जाताना ते कव्हर नसलेलं पुस्तक मागून घेऊन गेली. मी कुणाला पुस्तक देत नाही, तिला दिलं, वहीत तारीख टाकून. गेल्या महिन्यात परत आणलं तेव्हा आत एक चिठ्ठी होती. ‘काकू, त्रिकोणाच्या धड्यातलं बारावं उदाहरण. मागे दिलेलं उत्तर चुकलंय.’ मी दोनदा करून बघितलं. खरंच चुकलंय. आणि त्या उत्तरापुढे पुसट पेन्सिलीने आप्पांनी केलेली फुली आहे, ती मला इतक्या वर्षांत दिसलीच नव्हती.